जुन्याची पारख : तांब्याचा घोडा आणि त्याच्या अंगावरचा हिरवा रंग

मागील अंकात या सदरातून अमेरिकेतील जुन्या गोठ्यांच्या, चर्चच्या आणि सभागृहांच्या शिखरांवर बसवल्या जाणाऱ्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटांची ओळख करून दिली होती. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला वातकुक्कुट म्हणतो, तो वाऱ्याचा कोंबडा तिकडे केवळ कोंबडा राहिला नाही. घोडा, बैल, मासा, टोळ, देवदूत, आगगाडीचे इंजिन अशी नाना रूपे त्याने घेतली, आणि गेल्या शंभर वर्षांत ही रूपे छतांवरून उतरून संग्राहकांच्या दिवाणखान्यांत येऊन बसली. त्या लेखावर आलेली बहुतेक पत्रे सोलापूर शहरातील आणि जवळपासच्या गावांतील आहेत. ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत अशा घरांतून ती आलेली असल्यामुळे प्रश्न नुसत्या कुतूहलाचे नाहीत, पैशांचेही आहेत. म्हणून उत्तरे थोडी सविस्तर देत आहे.

माझा मुलगा बॉस्टनजवळ नोकरीला आहे. तेथील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याने तांब्याचा धावता घोडा पाहिला. लांबी सुमारे अडीच फूट, अंगभर हिरवा रंग आणि पोटावर बंदुकीच्या गोळीचे छिद्र. दुकानदार तो १८८० च्या सुमाराचा ‘ईथन ॲलन’ असल्याचे सांगतो आणि साडेचार हजार डॉलर मागतो. घ्यावा का?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

ताई, ईथन ॲलन हे नाव मूळचे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील व्हरमाँटच्या एका सेनानीचे. ते पुढे १८४९ मध्ये जन्मलेल्या मॉर्गन जातीच्या एका घोड्याला मिळाले. दुडक्या चालीच्या शर्यतींत या घोड्याने एवढे नाव कमावले की त्याची छापील चित्रे लोकांनी घरांत लावली. अशा चित्रांवरून लाकडात आकृती कोरायची, त्या आकृतीवरून बिडाचे साचे ओतायचे, साच्यांत तांब्याचा पत्रा ठोकून घोड्याची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी काढायची आणि मग दोन्ही बाजू डाख देऊन जोडायच्या, ही पद्धत मॅसॅच्युसेट्समधील कारखान्यांनी रूढ केली. वॉल्थम गावी आल्विन ज्युवेल याने १८५० च्या दशकात हा धंदा चांगला वाढवला. १८६७ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर लेनर्ड कुशिंग आणि स्टिलमन व्हाइट या दोघांनी त्याचा कारखाना विकत घेतला, आणि १८७२ पासून तो कुशिंग व त्याच्या मुलांच्या नावाने चालू राहिला. बॉस्टनची हॅरिस, न्यूयॉर्कच्या फिस्क आणि वॉशबर्न या पेढ्याही सूचीपत्र छापून असाच माल विकत असत. नामांकित घोड्यांच्या आकृत्या एकापेक्षा अधिक कारखान्यांत बनत, त्यामुळे दुकानदाराने सांगितलेल्या नावावरून घोड्याचा कारखानाही ठरत नाही आणि काळही ठरत नाही. तो ठरवायचा घोड्याच्या अंगावरून.

मुलाला दुकानात पुन्हा जाऊ द्या, आणि घोडा भिंतीवरून उतरवून पालथा करून पाहण्याची परवानगी मागू द्या. ती न मिळाल्यास पुढे बोलण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा पाहायची ती पोटाखालची आणि पाठीवरची जोडरेषा. जुना डाख करडा, मळकट झालेला असतो, कोठे तरी तडकलेला असतो आणि एखाद्या ठिकाणी नंतर कोणी तरी पुन्हा भरलेलाही असतो. संपूर्ण रेषा एकसारखी, गुळगुळीत आणि चकचकीत दिसली तर शंका घ्यावी. दुसरी पाहायची ती घोडा ज्या दांड्यावर फिरतो त्या दांड्याची नळी. अनेक दशके वाऱ्याबरोबर फिरलेल्या घोड्याची नळी आतून घासलेली, बहुधा एका अंगाला जास्त झिजलेली असते. शिवाय लोखंडाचा दांडा तांब्याला लागून पावसात उभा राहिला की दोन धातूंच्या त्या सहवासात लोखंडच आधी खाल्ले जाते, त्यामुळे नळीच्या तोंडाशी गंजाचे खोल डाग असणे स्वाभाविक आहे. नळी कोरी करकरीत आणि अंग मात्र शंभर वर्षांचे, असे सहसा घडत नाही.

मग रंग. पुष्कळांचा असा समज असतो की हे घोडे मुळापासून हिरवेच होते. वास्तविक त्यांतील पुष्कळसे नवे असताना सोन्याच्या वर्खाने मढवलेले होते, कारण दुरून, खालून आणि ढगाळ हवेतही ते दिसावेत अशी अपेक्षा होती. तांब्यावर पिवळसर रंगाचे अस्तर देऊन त्यावर वर्ख चिकटवला जाई. पुढे वर्ख झिजला, खालचे तांबे उघडे पडले आणि त्यावर हिरवा थर चढला. हे झिजणे सगळीकडे सारखे होत नाही, आणि पारखीचे मर्म येथेच आहे. वातकुक्कुटाचे तोंड नेहमी वारा येतो त्या दिशेला असते. पाऊस, गारा आणि धूळ यांचा मारा आधी नाकाडावर आणि छातीवर बसतो. पाठ उन्हात असते, पोट आडोशाला असते. म्हणून अस्सल घोड्याच्या आयाळीच्या खाचांत, कानामागे आणि पोटाखाली सोन्याचे व पिवळ्या अस्तराचे अवशेष सापडतात, तर उंचवट्यांवर ते नाहीसे झालेले असतात. आम्लात बुडवून एका आठवड्यात म्हातारा केलेला घोडा मात्र पोटाखाली, खाचांत आणि पाठीवर सारखाच हिरवा असतो. निसर्ग एवढा निःपक्षपाती नसतो.

गोळीच्या छिद्राचे विशेष वाटून घेऊ नका. गोठ्यावरचा घोडा हे गावातल्या पोरांना नेम धरण्यासाठी आयते लक्ष्य होते, त्यामुळे खरी छिद्रे आढळतात हे खरे. परंतु नवा माल जुना भासवण्यासाठी त्यावर गोळ्या झाडण्याची युक्तीही आता जुनी झाली आहे. छिद्राची आत वळलेली कड पाहावी. ती बाकीच्या अंगाइतकीच काळवंडलेली आहे की तांबूस चमकते आहे, हे भिंगातून कळते. आयाळ, स्नायू आणि डोळे यांची ठेवण बोथट वाटली, तर जुन्या घोड्यावरून नवा साचा काढून बनवलेली ती नक्कल असू शकते, कारण नकलेच्या प्रत्येक पायरीवर बारकावे पुसट होतात. याहून अवघड प्रकार असा की काही जुन्या कारखान्यांचे मूळ साचे विसाव्या शतकातही वापरात राहिले. अशा साच्यातून निघालेल्या घोड्याची ठेवण अस्सल असते, फक्त वय खोटे सांगितलेले असते.

या परीक्षेत मी स्वतः एकदा सपशेल नापास झालो आहे, म्हणून हे अधिकाराने लिहितो आहे असे समजू नये, पोळलेल्या माणसाने लिहिले आहे असे समजावे. पेन्सिल्व्हेनियातील एका उघड्या बाजारात मी तांब्याचा कोंबडा घेतला. विक्रेत्याने तो आपल्या आजोबांच्या गोठ्यावरचा असल्याचे सांगितले, गोठ्याचा फोटोही दाखवला. रात्री खोलीवर येऊन ओल्या कापसाने त्याची शेपटी हलकेच पुसली, तर कापूस हिरवागार झाला. खरा जुना थर धातूला घट्ट धरून असतो, तो ओल्या कापसावर असा उतरत नाही. तो कोंबडा अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि पाहुण्यांना मी तो मुद्दाम दाखवतो.

आता किमतीविषयी. अस्सल, दुरुस्ती केलेला, सर्वसाधारण आकाराचा घोडा चार-पाच हजार डॉलरना मिळणे अशक्य नाही, तेव्हा मागितलेल्या आकड्यावरून माल खोटा ठरत नाही. मुलाने पावतीवर चार गोष्टी लिहून मागाव्यात : अंदाजे काळ, कारखाना सांगत असल्यास त्याचे नाव, कोणत्या भागाची दुरुस्ती वा बदल झाला आहे त्याची नोंद, आणि माहिती चुकीची ठरल्यास वस्तू परत घेण्याची हमी. दुकानदार हे आनंदाने लिहून देत असेल तर घोडा घ्या. ‘आमचा शब्द हीच पावती’ असे उत्तर मिळाले, तर मुलाने नमस्कार करून बाहेर पडावे.

मेहुण्यांनी अमेरिकेहून आणलेला जुना कोंबडा आमच्याकडे आहे. दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी तो चिंच आणि मीठ लावून घासला. मानेपर्यंतचा भाग आता नव्या तांब्यासारखा लाल झाला आहे आणि खालचा भाग हिरवा राहिला आहे. उरलेलाही घासून एकसारखा करावा का?
— एक वाचक, बाळीवेस

कृपा करून उरलेल्या भागाला हात लावू नका. घरच्यांचा यात काही दोष नाही. पाण्याचा हंडा, देवघरातले ताम्हण आणि समई ज्या घरात चिंचेने लख्ख होतात, तेथे हिरवे पडलेले तांबे म्हणजे हलगर्जीपणा, हाच संस्कार असतो. कळकलेल्या भांड्यातले ताक पिऊ नये, हेही आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. परंतु हंड्याचे मोल पाणी साठवण्यात आहे, आणि जुन्या वातकुक्कुटाचे मोल त्याच्या पृष्ठभागात आहे. हवेतील ओलावा आणि गंधकाची संयुगे यांचा तांब्यावर वर्षानुवर्षे परिणाम होऊन जो हिरवा थर तयार होतो, तो मुख्यतः तांब्याच्या क्षारांचा असतो. तो खालच्या धातूचे काही प्रमाणात रक्षणही करतो. चिंचेतील आम्ल आणि मीठ मिळून तो थर विरघळवतात, आणि त्याबरोबर उरलेसुरले सोने व अस्तरही निघून जाते. अमेरिकेतील लिलावांत एकाच साच्यातून निघालेल्या दोन वस्तूंच्या किमतींत जी कित्येक पटींची तफावत दिसते, तिचे कारण बहुधा हा पृष्ठभागच असतो.

झाले ते परत येणार नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत, त्यातही घराच्या आत, पुन्हा हिरवा रंग चढण्याची वाट पाहू नका. लाल झालेली मान काही महिन्यांत तपकिरी पडेल आणि मग विसंगती एवढी डोळ्यांत खुपणार नाही. रसायन लावून हिरवा रंग आणून देणारे कारागीर भेटतील, त्यांना घरी बोलावू नका. खाचांत मीठ राहून गेले असेल तर मात्र ते धोक्याचे आहे, कारण मिठातील क्लोराइड ओलाव्याबरोबर धातूला आतून पोखरत राहते. पावसाळ्यात मानेवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसू लागली तर एखाद्या वस्तुसंग्रहालयातील धातुसंवर्धकाला दाखवा. एरवी मऊ, कोरडा कुंचला महिन्यातून एकदा फिरवला तरी पुरे. लाख, व्हार्निश, खोबरेल तेल यांतले काहीही नको.

आपल्या लेखात या वस्तूंना लोककला म्हटले आहे. ज्या वस्तू कारखान्यात साच्यातून निघत आणि सूचीपत्रावरून विकल्या जात, त्यांना लोककला कसे म्हणावे?
— एक चित्रकला शिक्षक, अशोक चौक

गुरुजी, आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे, आणि आपला पत्ता अशोक चौकाचा असल्यामुळे उत्तरही तेथूनच द्यावेसे वाटते. आपल्या चौकाच्या आसपासच्या यंत्रमागांवर विणली जाणारी सोलापुरी चादर घ्या. तिची नक्षी कागदावर आखली जाते, पुठ्ठ्याच्या छिद्रित पट्ट्यांत उतरवली जाते आणि जकार्ड लावलेल्या मागावर एकसारख्या शेकडो चादरींत उमटते. तरीही तिच्या फुलांत आणि मोरांत पिढ्यान्पिढ्यांच्या विणकरांची नजर आहे, हे कोणी नाकारत नाही. कुशिंगच्या घोड्याचे तसेच आहे. साचा होता, पण लाकडी आकृती कोरणारा हात कुशल कोरक्याचा होता (हेन्री लीच नावाच्या कोरक्याने कुशिंग आणि व्हाइट यांच्यासाठी कोरलेल्या आकृत्या आज नावाजलेल्या आहेत), पत्रा हातानेच ठोकला जाई आणि डाखही हातानेच दिला जाई. आपल्याकडचा तांबट ज्या हातोडीने हंड्याला मठारतो, त्याच कुळातली ती हातोडी.

तथापि आपल्या शंकेचे मूळ वेगळ्या ठिकाणी आहे असे मला वाटते. या वस्तूंना कला हे नाव त्या बनवणाऱ्यांनी दिले नाही, नंतरच्या लोकांनी दिले. कुशिंगच्या दृष्टीने तो माल होता, शेतकऱ्याच्या दृष्टीने वाऱ्याची खूण आणि गोठ्याची ऐट. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या आधुनिक चित्रकार-शिल्पकारांना जुन्या वस्तूंतील सरळ, ठाम आकार आवडू लागले. पोलंडहून आलेला शिल्पकार एली नॅडलमन याने पत्नीसह लोककलेचे संग्रहालयच १९२६ मध्ये काढले. १९३१ मध्ये नेवार्कच्या संग्रहालयात होल्गर काहिल याने अमेरिकी लोकशिल्पांचे प्रदर्शन भरवले, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘सामान्य माणसाची कला’ या नावाखाली ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर यांच्या संग्रहातील वस्तू मांडल्या गेल्या. त्याच काळात एडिथ हॅल्पर्ट ही विक्रेती एका दालनात आधुनिक चित्रे आणि दुसऱ्या दालनात जुनी लोकशिल्पे विकत होती. एकदा गोठ्यावरचा घोडा पांढऱ्या भिंतीसमोर ठेवला गेला की त्याच्याकडे शिल्प म्हणूनच पाहिले जाते; त्याने वाऱ्याची दिशा दाखवायची असते हे लोक विसरतात.

‘लोककला’ हा शब्द काटेकोर अर्थाने वापरायचा असेल, तर तो शेतकऱ्याने स्वतः फळीतून कापलेल्या माशाला, लोहाराने पत्र्यातून काढलेल्या कोंबड्याला किंवा एखाद्या गावाने वा संस्थेने एकदाच बनवून घेतलेल्या आकृतीला अधिक शोभतो. न्यूयॉर्कच्या लोककला संग्रहालयातील ‘संत टॅमनी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदिवासी सरदाराची साडेआठ फूट उंचीची तांब्याची आकृती या शेवटच्या जातीची आहे. कारखान्याच्या घोड्यांना मीही लोककला म्हणतो ते रूढीने म्हणतो. वर्गात मुलांना सांगताना आपण ‘लोकप्रिय कारागिरी’ म्हणालात तरी माझी हरकत नाही.

कोंबडाच का? मोर का नाही?
— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी, मुरारजी पेठ

युरोपात चर्चच्या शिखरावर कोंबडा बसवण्याची प्रथा फार जुनी आहे. येशूचा शिष्य पीटर याने कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा आपल्या गुरूला नाकारले, अशी बायबलात कथा आहे. तिची आठवण म्हणून हा कोंबडा, असे सांगतात. युरोपातून गेलेल्या लोकांनी तो अमेरिकेत नेला. कोंबड्याची उभी, पसरट शेपटी वारा छान पकडते, हेही त्याच्या पथ्यावर पडले. मोराचा पिसारा त्याहून मोठा, परंतु मोर कोंबड्यासारखा त्यांच्या प्रत्येक अंगणात नव्हता.

छतावरच्या वस्तू बाजारात येतात कशा? त्यांत चोरीचा माल असतो का? आणि अशी वस्तू भारतात आणल्यावर कायद्याची काही अडचण येते का?
— एक वकील, रेल्वे लाइन्स

वकीलसाहेब, चोरीचा माल असतो, आणि त्याचा इतिहास रंजक असला तरी खरेदीदाराने त्यात रमू नये. किमती वाढू लागल्या तसतशा विशेषतः १९७० नंतर न्यू इंग्लंडमधील, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातील, गोठ्यांवरून आणि सार्वजनिक इमारतींवरून वातकुक्कुट नाहीसे होऊ लागले. चोर हेलिकॉप्टर वापरत असल्याच्या बातम्याही त्या काळी आल्या. सर्वांत गाजलेली चोरी बॉस्टनच्या फॅन्युअल सभागृहावरील टोळाची. हा सोनेरी तांब्याचा टोळ शेम ड्राउन या तांबटाने १७४२ मध्ये बनवला. १९७४ च्या जानेवारीत तो शिखरावरून गायब झाला, शहरभर शोध झाला, आणि काही दिवसांनी तो त्याच इमारतीच्या मनोऱ्यात, जुन्या झेंड्यांच्या ढिगाखाली सापडला. चोरांना तो खाली नेणे जमले नव्हते. आपल्याकडे ‘काखेत कळसा’ म्हणतात, पण येथे तर कळसाच्या खालीच कळस होता.

या प्रकरणातून संग्राहकाने एवढेच घ्यावे की ‘हा कोणत्या इमारतीवर होता’ हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. इमारतीवर असतानाचा जुना फोटो, ती इमारत विकल्याचा कागद, आधीच्या लिलावाची सूची यांतले काही तरी हवे. माझ्या वर सांगितलेल्या कोंबड्याच्या बाबतीतही फोटो होताच. पण त्यातल्या गोठ्यावर कोंबडा दिसत नव्हता, आणि मी ते विचारले नाही.

कायद्याविषयी आपणच मला अधिक सांगू शकाल. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू आत आणताना सीमाशुल्काच्या अधिकाऱ्याला खरेदीची पावती आणि वस्तूचा काळ दाखवावा लागेल, म्हणून जुळे सोलापूरच्या ताईंना पावतीवर नोंदी मागायला सांगितले आहे, त्या येथेही उपयोगी पडतील. पुढे कधी नातवंडांकडे परत पाठवण्याची वेळ आली तर वाद उद्भवू नये, यासाठी आणतानाच सर्व कागद जपून ठेवणे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी मत घेणे शहाणपणाचे ठरेल.

मी निवृत्त कर्मचारी आहे. महिना दोन-चार हजार रुपये खर्चून हा छंद जोपासता येईल का?
— एक वाचक, होटगी रोड

स्पष्टच सांगतो, अस्सल वातकुक्कुटांचा संग्रह या खर्चात होणार नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मॉट या कारखान्याचा, सुमारे १९०० सालचा अमेरिकी आदिवासी सरदाराच्या आकृतीचा वातकुक्कुट ५८ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला; ते टोक झाले, परंतु खालचे टोकही निवृत्तिवेतनाच्या आवाक्यात नाही. स्वस्तात मिळतो तो बहुधा माझ्या कोंबड्याचा भाऊबंद असतो.

मात्र पाहण्याचा छंद करता येतो, आणि तो कमी प्रतीचा नाही. मंदीच्या काळात, १९३५ ते १९४२ या वर्षांत, अमेरिकी सरकारने बेकार चित्रकारांना काम देण्यासाठी जुन्या कारागिरीच्या वस्तूंची जलरंगात हुबेहूब चित्रे काढवून घेतली. त्यांत कितीतरी वातकुक्कुट आहेत, आणि त्यांचा झिजलेला वर्ख, पडलेले पोचे आणि हिरवे डाग चित्रकारांनी इतक्या निष्ठेने रंगवले आहेत की पारखीचा अभ्यास त्या चित्रांवरून करता येतो. ही चित्रे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात असून त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मुलाबाळांकडे जाणे झालेच तर व्हरमाँटमधील शेलबर्नचे संग्रहालय चुकवू नका. इलेक्ट्रा हॅवमायर वेब यांनी ते १९४७ मध्ये स्थापन केले आणि तेथील वातकुक्कुटांचा संग्रह मोठा आहे. माउंट व्हर्नन येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरावर ऑलिव्हची फांदी चोचीत धरलेल्या कबुतराची प्रतिकृती दिसते. मूळ कबुतर त्यांनी १७८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या कारागिराकडून बनवून घेतले होते.

आमच्या शाळेच्या गच्चीवर माळढोकाच्या आकाराचा वातकुक्कुट बसवण्याचा विचार आहे. गावातील वेल्डर पत्रा कापून देतो म्हणतो. जुन्या अमेरिकी वातकुक्कुटांवरून काही शिकण्यासारखे आहे का?
— एक शिक्षिका, नान्नज परिसर

बाई, या वेळच्या पत्रांत मला सर्वांत आवडलेले पत्र आपले आहे. माळढोकाच्या अभयारण्याशेजारी माळढोकच हवा.

जुन्या कारागिरांचे गुपित दोन वाक्यांत सांगता येते. दांड्याच्या पुढचे आणि मागचे वजन सारखे हवे. पण पृष्ठभाग मात्र मागे जास्त हवा. वजन सारखे नसेल तर पक्षी एका बाजूला कलून घासतो आणि मंद वाऱ्यात हलत नाही. पृष्ठभाग दोन्हीकडे सारखा असेल तर तो दिशा न दाखवता नुसता भिरभिरतो, गड्ड्याच्या जत्रेतल्या कागदी भिरभिऱ्यासारखा. म्हणूनच मॅसॅच्युसेट्समधील हॉवर्डच्या कारखान्यात घोड्याचा पुढचा भाग ओतीव जस्ताचा आणि मागचा तांब्याच्या पत्र्याचा करत. पुढे जड आणि आटोपशीर, मागे हलका आणि पसरट.

माळढोकाची मान लांब आणि बारीक, धड मागे भरलेले, त्यामुळे आकार तुम्हाला अनुकूल आहे. वेल्डरला आधी पुठ्ठ्याची पूर्ण आकाराची प्रत कापायला सांगा आणि ती सुईवर तोलून मुलांना समतोलाचा बिंदू शोधू द्या. मात्र एकसारख्या जाडीच्या पत्र्याच्या या बिंदूतून दांडा घातला, तर वाऱ्याचा जोर पुढे-मागे सारखाच पडतो आणि पक्षी दिशा दाखवत नाही. म्हणून चोचीच्या टोकाला शिशाचा वा लोखंडाचा लहानसा गोळा लावावा, म्हणजे बिंदू पुढे सरकेल; दांडा त्या नव्या बिंदूतूनच जायला हवा. दांड्याला बेअरिंग असावे आणि त्यावर पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून वर एक लहान टोपी असावी. पत्र्याला गंजरोधक रंगाचे दोन हात द्या.

दिशांची अक्षरे दांड्याखालच्या स्थिर आडव्या पट्ट्यांवर लावायची असतात, फिरणाऱ्या भागावर नाही. ही चूक मी एका शाळेत पाहिली आहे. उत्तर दिशा साध्या होकायंत्राने ठरवली तरी आपल्या भागात चालेल. गच्चीवर पाण्याची टाकी वा जिन्याची खोली असेल तर तिच्या आडोशाला खांब रोवू नका, कारण तेथे वारा वळसे घेतो. टाकीहून बराच उंच खांब घ्या. आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, की चोच जिकडे असते तिकडून वारा येतो आहे, तो तिकडे चाललेला नाही. जूनमध्ये पक्षी पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला की त्याला ‘पश्चिमेचा वारा’ म्हणायचे. दिवाळीनंतर तो पूर्वेकडे वळू लागेल. त्या दिवसाची तारीख फळ्यावर लिहून ठेवा आणि जमल्यास मलाही कळवा.